कोल्हापुरातल्या मंडळांना खुलं पत्र: यंदा अख्खं रॉकेट नको, नुसता तिसरा टप्पा करा

कोल्हापुरातल्या समस्त तालमी, तरुण मंडळं, त्यांचे अध्यक्ष, खजिनदार आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मांडवात पुठ्ठा कापत बसणारी पोरं, सगळ्यांना रामराम.

पत्र जरा लांबलंय. चहा घेऊन बसा.

मी काय शास्त्रज्ञ बिस्त्रज्ञ नाही. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, बघायचं, ठोकून बघायचं, शंका आली तर कापून बघायचं, पास का फेल सांगायचं आणि फेल सांगितलं की प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या खायच्या, वीस वर्षं हेच चाललंय. पण रॉकेटचा नाद शाळेपासून आहे आणि आपल्या गावात एकदा नाद लागला की सुटत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

गेल्या गणपतीत भाचीला घेऊन देखावे बघायला बाहेर पडलो. वय नऊ, प्रश्न नव्वद. एका मंडळानं रॉकेट केलं होतं, नाव घेत नाही कारण पोरांनी मेहनत खरंच घेतली होती. पंधरा फुटी रॉकेट, खाली फॉग मशीन, लाल लाइट, टेन नाइन एट, आणि रॉकेट चेनब्लॉकवर चार फूट वर गेलं आणि तिथंच अडकलं. ते चालायचंच, आमच्याकडं क्रेन पण अडकते. पण मागनं जी कॉमेंट्री वाजत होती त्यात भारदस्त आवाजात एक माणूस सांगत होता की रॉकेटमध्ये हजारो लिटर पेट्रोल भरलेलं असतं आणि शास्त्रज्ञ जमिनीवरून बटण दाबून त्याचं इंजिन पाहिजे तेव्हा चालू करतात आणि पाहिजे तेव्हा बंद करतात. भाचीनं लगेच हात ओढला. "मामा, वर पेट्रोल संपलं तर कुठं भरतात?"

त्या गर्दीत, ढोल-ताशात मी काय सांगणार तिला. भेळ घेऊन दिली आणि विषय बदलला. पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच, म्हणून हे पत्र.

तर भावांनो, पहिली गोष्ट. आपलं पीएसएलव्ही, म्हणजे ज्यानं २००८ ला चंद्रयान-१ नेलं, २०१३ ला मंगळयान नेलं, २०१७ ला एका दमात १०४ उपग्रह सोडले आणि २०२३ ला आदित्य एल-१ नेलं, त्या रॉकेटला चार टप्पे. पहिला सॉलिड, दुसरा लिक्विड, तिसरा सॉलिड, चौथा लिक्विड. पेट्रोल एकातही नाही. लिक्विडवाल्यांना टाक्या असतात, व्हॉल्व्ह असतात. सॉलिडवाल्याला यातलं काही नाही. टाकी नाही, पंप नाही, नळी नाही आणि बंद करायचं बटण तर नाहीच नाही. एकदा पेटला की शेवटचा कण जळेपर्यंत तो जळणार, मग खाली श्रीहरीकोट्यात कोण कितीही मोठा साहेब बसलेला असू दे.

त्यातला तिसरा टप्पा माझा आवडता. पीएस३ म्हणतात त्याला. रॉकेट ४४ मीटर उंच, त्यात हा गडी जेमतेम ३.६ मीटर. व्यास २ मीटर. पोटात साडेसात टनाच्या वर इंधन, आणि ते सगळं दोन मिनिटांच्या आत खलास. हा पेटतो तेव्हा हवा मागं राहिलेली असते, भोवती नुसता काळोख आणि खाली समुद्र, आणि त्याला वरच्या चौथ्या टप्प्यासकट उपग्रह पुढं ढकलायचा असतो. जोर किती, तर जास्तीत जास्त २४० किलोन्यूटन, म्हणजे आपल्या भाषेत चोवीस टन. शिरोली फाट्यावर उसाचा भरलेला ट्रक बघताय ना, तो वर उचलून धरायची ताकद, त्या मांडवाएवढ्या डब्यात.

आता इंधन म्हणजे नेमकं काय, कारण इथंच सगळ्या देखाव्यांची गाडी घसरते. गुऱ्हाळ बघितलंय सगळ्यांनी. काकवी घट्ट होत आली की ती साच्यात ओततात आणि गार झाली की ढेप निघते. सॉलिड इंधनाचं बरंचसं तसंच. अमोनियम परक्लोरेट नावाचं मिठासारखं पांढरं पीठ, ते ऑक्सिजन देणार, कारण वर हवाच नाही. ॲल्युमिनियमची बारीक पावडर, ती जळून उष्णता देणार. आणि हे दोन्ही धरून ठेवायला एचटीपीबी नावाचं चिकट रबर, ते स्वतःपण जळतं. हे सगळं मोठ्या मिक्सरमध्ये मळायचं, काकवीसारखं घट्ट झालं की हवा काढून टाकून मोटरच्या, म्हणजे सॉलिड टप्प्याच्या डब्याच्या, आतच ओतायचं आणि मग काही दिवस ऊब देऊन मुरवत ठेवायचं. शेवटी जे तयार होतं ते हाताला शाळेतल्या खोडरबरासारखं लागतं. रॉकेट खोडरबरावर चालतं म्हणून सांगा पोरांना, पेट्रोलपेक्षा ते खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

ओतताना मधोमध एक दांडा उभा करतात, आणि रबर मुरलं की तो काढून घेतात. फौंड्रीवाल्यांना कळलं असेल, आपली कोअरच ती, कास्टिंगच्या पोटात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात ती. पोकळी राहते मधे, कधी चांदणीच्या आकाराची, कधी पंख फुटल्यासारखी. आग खालनं वर जात नाही, ती या पोकळीत लागते आणि आतनं बाहेर, भिंतीकडं सरकत जाते. जेवढा पृष्ठभाग उघडा तेवढा गॅस, जेवढा गॅस तेवढा जोर. म्हणजे कुठल्या सेकंदाला किती जोर पाहिजे हे त्या पोकळीच्या आकारात आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ॲक्सिलरेटरवरचा पायच साच्यात ओतून ठेवलाय समजा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री झोपलो नव्हतो, खरं सांगतो. विषय हार्ड आहे.

आणि म्हणूनच भीती ब्लोहोलची, म्हणजे ओतताना आत गॅस अडकून राहिलेल्या भोकाची. एक आमच्यातली गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी जुलैत, आपला पाऊस माहिताय, पंचगंगा पात्राबाहेर आलेली, तेव्हा आमच्या कोअर स्टोअरच्या पत्र्याला गळती लागली आणि कुणी लक्ष दिलं नाही. कोअर दमट झाल्या. वरनं बघितलं तर काय कळतंय, रंग तोच, आकार तोच. त्यावर लोखंड ओतलं, पाण्याची वाफ झाली, वाफ बाहेर निघायला वाट शोधत राहिली आणि लोखंडातच अडकली. कास्टिंग बाहेरनं आरशासारखं गुळगुळीत. गिऱ्हाइकाकडं मशिनिंगला गेलं आणि पहिल्या कटालाच आत मधमाशांचं पोळं. अख्खी बॅच परत. तेव्हापासून मी कोअरला आधी हात लावून बघतो, कागद नंतर वाचतो.

रॉकेटच्या खोडरबराचंपण असंच आहे. ते रबर घट्ट व्हायला आयसोसायनेट जातीचं केमिकल घालतात, आणि त्याला पाणी लागलं की त्यातनं कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे हवेत दमटपणा जास्त झाला की रबरात बुडबुडे. त्यामुळं जिथं हे ओततात तिथली हवा कोरडी ठेवायला लागते. आणि आत एक बुडबुडा राहिला, किंवा रबराला चीर गेली, किंवा भिंतीला चिकटलेला थर कुठं सुटला, तर आग तिथं पोचल्यावर जळायची जागा अचानक वाढते, जागा वाढली की प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की जळण आणखी जोरात. आमच्याकडं रिजेक्शन म्हणजे कास्टिंग भट्टीत परत. तिथं परत घालायला काही उरतच नाही. म्हणून प्रत्येक मोटरचा एक्स-रे काढतात, आपल्या छातीचा काढतात तसा.

बाहेरचा डबा पण बघण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्याचं केसिंग पोलादी, त्याचे भाग आपल्या वालचंदनगरला बनतात, इंदापूर तालुक्यात, हे किती जणांना माहिताय? पण तिसरा टप्पा वर जायचा, तिथं पोलादाचं वजन परवडत नाही. डब्याचं वजन कमी झालं की उपग्रहाचं वाढवता येतं, असा वरच्या टप्प्यांचा रोकडा हिशोब. म्हणून पीएस३ चा डबा केवलारच्या धाग्याचा, बुलेटप्रूफ जाकिटात असतो तोच धागा, गुंडाळून गुंडाळून केलेला. मागं नोझल, म्हणजे गॅस बाहेर पडायचं तोंड, ते थोडं डब्याच्या पोटात घुसवलेलं आणि रबरी सांध्यावर बसवलेलं, दोन अंश इकडं दोन अंश तिकडं हलतं. दोनच अंश. तेवढ्यावर सगळं वळण. आणि भोवऱ्यासारखं गरगरणं थांबवायचं काम याच्याकडं नाहीच, ते वरच्या चौथ्या टप्प्याचे छोटे थ्रस्टर, म्हणजे बारकी इंजिनं, करतात.

एवढं सगळं का सांगतोय? कारण गेल्या दीड वर्षात हाच टप्पा बातम्यांत होता आणि आपल्या एकाही पोराला तो कसा दिसतो ते माहीत नाही.

१८ मे २०२५, रविवार, पहाटे सहाला एक मिनिट कमी. मी लाइव्ह बघत होतो, बायको म्हणली रविवारी तरी झोपा. पीएसएलव्ही सी६१, वर १६९६ किलोचा रडारवाला उपग्रह ईओएस-०९. पहिला टप्पा ओके, दुसरा ओके. तिसरा पेटला आणि थोड्या वेळानं स्क्रीनवरची रेघ ठरलेल्या रेघेपासून खाली सुटायला लागली. नंतर इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितलं, तिसऱ्या टप्प्यात मोटर केसच्या चेंबरमधलं प्रेशर पडलं. उपग्रह गेला. (दोनच दिवसांनी नारळीकर सर गेले. आपल्या कोल्हापूरचा जन्म त्यांचा. तो आठवडाच वाईट होता.)

मग १२ जानेवारी २०२६, सी६२. सोमवार होता, कँटीनमध्ये चहाच्या सुट्टीत मोबाईल भिंतीला टेकवून आम्ही सात-आठ जण बघत होतो. या वेळी तिसरा टप्पा जवळजवळ संपत आला आणि रॉकेट गरगरायला लागलं, वाट सोडली. ईओएस-एन१ आणि बरोबरचे पंधरा उपग्रह, सगळे गेले. मोल्डिंगचा एक पोरगा म्हणाला, "सायेब, ह्यो पण तिसराच?" व्हय बाबा, ह्यो पण तिसराच.

आता प्रेशर का पडलं असेल ते मी शिरोलीत बसून सांगणार नाही, तसले शहाणे व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत. पण प्रेशर पडायच्या वाटा कुठल्या ते सांगता येतं. गॅस नोझल सोडून दुसऱ्याच ठिकाणनं बाहेर पडतोय, किंवा नोझलचा घसा, म्हणजे त्याची सगळ्यात अरुंद जागा, झिजून रुंद झालाय, किंवा जेवढं जळायला पाहिजे तेवढं जळत नाही. घसा झिजण्याचं उदाहरण युरोपात झालेलं आहे, डिसेंबर २०२२ ला व्हेगा-सी रॉकेटचा दुसरा टप्पा, तोपण सॉलिड, त्याच्या घशातला कार्बनचा तुकडा नको तेवढा झिजला, प्रेशर उतरत गेलं आणि दोन उपग्रह गेले. तीन हजार अंशांचा गॅस त्या घशातनं जातो. आमचं वितळलेलं लोखंड त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि आम्ही त्यालाच घाबरून लांब उभं राहतो.

एक मनातलं सांगतो, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. आमचं कास्टिंग परत आलं तर गिऱ्हाईक चोवीस तासात विचारतं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय केलं, लिहून द्या. २०२१ ला आपल्याच जीएसएलव्ही रॉकेटचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाचा, टप्पा फसला तेव्हा इस्रोनं व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत जाऊन कारण जाहीर केलं होतं, वाचून बरं वाटलं होतं. सी६१ चा अहवाल मात्र लोकांपुढं न येताच सी६२ उडालं. असो. ते पत्र वेगळं, पत्ता वेगळा.

तर माझी मागणी. दरवर्षी तुम्ही ४४ मीटरच्या रॉकेटचं पंधरा फुटी खेळणं करताय. यंदा नुसता तिसरा टप्पा करा, पण खऱ्या मापाचा. ३.६ मीटर म्हणजे बारा फूट, २ मीटर म्हणजे साडेसहा फूट. कुठल्याही मांडवात बसतोय! पोरगं त्याच्या शेजारी उभं राहिलं की त्याला कळेल की मंगळयान ढकलणारा गडी आपल्या घरातल्या सोप्याएवढाच आहे. आडवा ठेवा आणि कलिंगडासारखी एक फोड कापून काढा, आतलं दिसू दे. डबा म्हणून सांगाड्यावर पिवळी नायलॉन दोरी गुंडाळा, तिरकी आणि आडवी, खरा धागा असाच गुंडाळतात. आतलं रबर म्हणून राखाडी फोम, ॲल्युमिनियममुळं खरं इंधन राखाडीच असतं. मधे चांदणीची पोकळी. आणि फोमच्या कडेला एकात एक अशा एलईडीच्या पट्ट्या, आतली आधी पेटू दे, मग तिच्या बाहेरची, मग त्याच्या बाहेरची, म्हणजे आग आतनं भिंतीकडं कशी जाते ते नऊ वर्षांच्या पोरीला कॉमेंट्री न ऐकता कळेल. राजारामपुरीतली तांत्रिक देखावे करणारी मंडळं तर हे एका हातानं करतील.

वर एक मोठा प्रेशरचा काटा लावा, परातीएवढा. पहिल्या वेळी काटा वर जाऊ दे, थरथरत तिथंच राहू दे, शेवटी शांत खाली येऊ दे, पाटी लावा मंगळयान, ५ नोव्हेंबर २०१३. दुसऱ्या वेळी काटा वर जाऊन मधेच पडू दे आणि पाटी लावा १८ मे २०२५. खजिनदार म्हणणार, गणपतीत फेल गेलेलं कशाला दाखवायचं, अपशकुन. आमच्या फौंड्रीत गेटच्या आत पहिलं टेबल आहे ते रिजेक्शनचं. कापलेलं कास्टिंग, भोकं खडूनं गोल केलेली, तारीख लिहिलेली. दर आठवड्याला मालक स्वतः तिथं उभं राहतात. त्या टेबलाला कुणी अपशकुन म्हणत नाही.

सजीव देखावेवाल्यांसाठीपण एक विषय आहे आणि तो अजून कुणी केलेला मी बघितला नाही. १९८१ ला ॲपल नावाचा आपला उपग्रह युरोपच्या एरियान रॉकेटवरनं गेला, १९ जूनला. त्याआधी त्याच्या अँटेनाची टेस्ट करायची होती, लोखंडी गाडीमुळं मापात गडबड नको म्हणून तो लाकडी बैलगाडीवर ठेवून नेला. फोटो आहे त्याचा, जगभर गाजलेला. पण फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की त्या उपग्रहाच्या पोटात जी सॉलिड मोटर होती, शेवटी वरच्या कक्षेत ढकलणारी, ती आपल्याच एसएलव्ही-३ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरनं केलेली होती. बैलगाडी आपल्याला नवीन नाही, बैलं तर तुम्ही एका फोनवर आणाल. आणि पडद्यावर एक फोटो लावायचा असेल तर वसंत गोवारीकरांचा लावा. आपल्या देशातल्या सॉलिड इंधनाचा पाया घातलेला मराठी माणूस, १९७९ ते ८५ विक्रम साराभाई केंद्राचा संचालक, आणि अर्ध्या पोरांना ते फक्त पावसाच्या अंदाजामुळं माहीत.

आणि कुणी म्हणलंच की हे सॉलिड बिलिड जुनं झालं, तर त्याला सांगा की १९ जानेवारी २००६ ला प्लूटोकडं न्यू होरायझन्स निघालं तेव्हा शेवटचा ढकला एका सॉलिड मोटरनंच दिला होता, स्टार ४८ नाव. ४८ इंच व्यास, दोन टन इंधन, जळायला दीड मिनिटाच्या आसपास. नऊ तासात यान चंद्राच्या पलीकडं. कोल्हापुरातनं मुंबईला एसटीनं निघालेला माणूस तेवढ्यात दादरला उतरतो. आणि तो रिकामा डबापण सूर्यमाला सोडून चाललाय. त्याच जातीच्या दोन मोटरी १९८४ ला फेब्रुवारीत नोझल तुटून दगा देऊन बसल्या होत्या, वेस्टार आणि पलापा दोन उपग्रह भलत्याच कक्षेत अडकले, मग नोव्हेंबरात स्पेस शटलमधनं माणसं गेली आणि दोन्ही पकडून परत आणले. हा एक वेगळाच देखावा होईल, पण तो पुढच्या वर्षी, आधी हे करा.

खर्चाचं म्हणाल तर फॉग मशीनचं दहा दिवसांचं भाडं वाचलं की निम्मा फोम त्यातच येतो, आणि हो, खरी आग, अनार, स्पार्कल कोल्ड पायरो असलं काहीही नको, फोम आणि दोरी आहे, एलईडीवरच भागवा. सांगाड्याची रिंग वाकवून द्यायला उद्यमनगरातले दोन फॅब्रिकेटर माझ्या ओळखीचे आहेत, मजुरीचं बघू. मापं मी कागदावर काढून ठेवलीत. रविवारी मी मोकळा असतो, दुपारी झोप झाल्यावर.

कॉमेंट्री मात्र लिहून झाल्यावर एकदा मला ऐकवा. भाची यंदापण येणार आहे, आणि तिनं पेट्रोल हा शब्द ऐकला तर मी वर्गणी परत मागायला येणार.

तुमचाच,
शिरोलीच्या फौंड्रीतला एक क्वालिटीवाला